चवथीतली ‘बाधा’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आठवड्याभरात श्रावण लागेल. गटारीला आमच्या किनारपट्टीवर किती दारू रिचवली जाते याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. रोज पिणारा माणूस देवाधर्माच्या दिवसांत दारू एकदम बंद करतो, तेव्हा त्याच्या मेंदूत आणि शरीरात काय घडतं, हे आपल्या गावांत अजून पोहोचलेलं नाही.

मी मालवण तालुक्यात ३१ वर्षं आरोग्य सेविका होते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली एक चवथ डोळ्यांपुढून जात नाही. चाळिशीतला खलाशी, सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी घोटभर घेणारा. हरतालिकेच्या आदल्या रात्री त्याने शेवटची घेतली आणि घरात गणपती आहे तोवर शिवणार नाही म्हणून नारळ ठेवला. मी त्याच्या बायकोला म्हटलं, “बरं झालं, आता थेंबही देऊ नको.” हरतालिकेला त्याला कापरं भरलं, घाम फुटला, घास जाईना. चवथीच्या दुपारी गणपतीवर बांधलेल्या माटवीखालीच आकडी आली. ऋषिपंचमीच्या रात्री भिंतीवर खेकडे चढताहेत म्हणून तो ओरडू लागला, वारलेल्या भावाशी बोलू लागला. चार माणसांना आवरेना. अंग तापलेलं, नाडी मोजता येऊ नये इतकी जलद. “बाई, ह्येंका भायरचा कायतरी लागला,” एवढंच बायको सांगत होती. घाडी, म्हणजे गावातला भगत, गाऱ्हाणं घालून, अंगारा लावून गेला होता. गाडी मिळेपर्यंत पहाट झाली आणि गौरी यायच्या आत तो गेला.

बाधा कसलीच नव्हती. अंगाला मुरलेली दारू एका रात्रीत तोडली होती. ‘थेंबही देऊ नको’ हे माझेच शब्द होते, ते मी विसरलेले नाही.

आपल्या मेंदूत एक रसायन शांत करणारं, गाबा नावाचं, आणि एक चेतवणारं, ग्लुटामेट नावाचं. दारू पहिल्याचा जोर वाढवते, दुसऱ्याला दाबते, म्हणून प्यायल्यावर सैल वाटतं. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू गप्प बसत नाही. तोल राखायला तो शांत करणारी बाजू कमी करतो आणि चेतवणारी वाढवतो. खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ असते तेव्हा तांडेल सुकाणू एका अंगाला दाबून धरतो. ती ओढ अचानक थांबली आणि हात तसाच राहिला तर होडी गर्रकन फिरते. दारू एकदम थांबली की मेंदूचं हेच होतं. सहा-आठ तासांत कापरं, घाम, मळमळ, झोप उडणं. पहिल्या दोन दिवसांत आकडीचा धोका. दोन दिवस उलटल्यावर, बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, भ्रम, भास, ताप, रक्तदाब वाढणं, छातीचे ठोके बेफाम होणं. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दारू सोडणाऱ्या प्रत्येकालाच हे होत नाही, पण ज्यांना होतं त्यांचा उपचाराविना जीव जाऊ शकतो. वेळेवर दाखल केलं तर बहुतेक वाचतात.

हे फक्त सणातच होतं असं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत हाताला काम नाही आणि गोव्याची दारू हाकेवर. मग हंगाम सुरू होतो आणि तोच माणूस आठ-दहा दिवसांसाठी समुद्रात जातो. दुसऱ्या दिवशी त्याला बोटीवर आकडी येते, किनारा कित्येक तास लांब. मागची गोष्ट कोणी विचारत नाही, ‘समुद्र बाधला’ म्हणतात.

आता सलाईनबद्दल, कारण इथे घरचे आणि दवाखाने दोघेही चुकताना मी पाहिलंय. पेशंट थकला म्हणून ‘एक बाटली लावा’ असा आग्रह होतो. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, बऱ्याचदा फार कमी असतं. जेवण कमी आणि दारूमुळे आतड्यातून शोषणही कमी. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिन संपून मेंदूला इजा होऊ शकते. डोळे नीट फिरत नाहीत, चाल लटपटते, माणूस गोंधळतो, आणि पुढे नव्या आठवणी साठवण्याची शक्तीच जाऊ शकते. एका दवाखान्यातून बाटली लावून घरी पाठवलेला तरुण मला माहीत आहे. त्याला आज सकाळी काय जेवला ते आठवत नाही, लग्न मात्र तपशीलवार आठवतं. थायमिनचं इंजेक्शन महागडं नाही, ते आधी द्या एवढंच म्हणणं आहे.

एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. आमच्या भगिनी हताश होऊन ती पावडर आमटीत मिसळतात. त्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिरामसारखं दारू सोडवण्याचं औषध चोरून पोटात गेलं आणि वर दारू पडली, तर दारूपासून तयार होणारं विषारी ॲसिटाल्डिहाइड अंगात साचतं. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयही बंद पडू शकतं. हे औषध माणसाच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीतच द्यायचं असतं.

मशेरीचा उल्लेख टाळला तर मी फक्त पुरुषांकडे बोट दाखवल्यासारखं होईल. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी दिवसातून चार वेळा लावणाऱ्या किती बायका मी तपासल्या! ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे उत्तर ठरलेलं. निकोटिन आतड्यालाही चाळवतं, म्हणून त्यात तथ्य आहे. पण त्याच निकोटिनची मेंदूला सवय लागते, आणि गरोदरपणात चालू राहिलं तर मूल कमी वजनाचं जन्मण्याची भीती असते. ती बाळं मी काट्यावर ठेवली आहेत. मात्र दारू आणि मशेरी यांत एक फरक आहे. मशेरी आजच्या आज थांबवली तरी जिवाला धोका नाही. डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट अडेल, दोन-तीन दिवस फार जड जातील आणि तीन-चार आठवड्यांत बरंच निवळेल.

व्रताचे अकरा दिवस पाळून बाराव्या दिवशी पुन्हा पिणाऱ्याला आपण बेशरम म्हणतो. दारू, तंबाखू, गांजा, सगळीच व्यसनं मेंदूत डोपामिन नावाचं रसायन उसळवतात आणि ‘हे पुन्हा हवं’ हा धडा खोल कोरतात. गुत्त्याची वाट, संध्याकाळची वेळ, तळल्या बांगड्याचा वास, एवढ्यानेही ओढ जागी होते. ‘थांब’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग तोवर दुबळा झालेला असतो आणि सावरायला महिने लागतात. त्या महिन्यांत त्याला औषध, समुपदेशन आणि घरच्यांचा शब्द लागतो. टोमण्यांनी तो परत गुत्त्यावर गेलेला मी पाहिला आहे.

दारू सोडू नका असं मी मुळीच म्हणत नाही. सोडाच, पण रोज पिणाऱ्याने व्रताच्या आठ-दहा दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना रोज किती घेतो ते खरं सांगावं. सकाळी हात कापत असतील, पूर्वी कधी आकडी आली असेल, तर दाखल होऊनच सोडावी. तिथे कापरं आणि आकडी रोखणाऱ्या गोळ्या देऊन त्या काही दिवसांत कमी करत आणतात. त्या गोळ्यांचीही सवय लागते, म्हणून दुकानातून आपल्या मनाने घेऊ नयेत.

आपल्याकडे एकच मागणं. श्रावण लागण्यापूर्वी आणि हरतालिकेच्या आठवड्यात, बाजारभावाच्या पानावर, जे पान वाड्यावाड्यांत वाचलं जातं, एक चौकट द्या: ‘दारू बंद केल्यावर कापरं, आकडी किंवा भास झाले तर घाडी नंतर, गाडी आधी.’ खाली व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक मोठ्या अक्षरांत छापा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग