सायटेशनच्या आकड्यात बाळंतीण दिसत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मातांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या एका संशोधकाचा परिचय आपल्या रविवारच्या अंकात वाचला. शोधनिबंध किती, सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत केलेले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती, सगळं चौकटीत ठळक. त्या निबंधांत सापडलं काय, याला मात्र जेमतेम दीड ओळ. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी २६ वर्षं गेली आणि शेवटची दहा-बारा वर्षं हे आकडे काढून द्यायचं काम माझ्याच टेबलावर होतं, म्हणून लिहिते.

एच-इंडेक्स ही मोजणी होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ साली सुचवली. एखाद्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस सायटेशन असतील, तर त्याचा एच-इंडेक्स वीस. ऐकायला चोख आहे. पण गूगल स्कॉलर या निबंधांच्या सूचीवर एक आकडा येतो आणि स्कोपस या दुसऱ्या सूचीवर बहुतेक वेळा त्याहून कमी. बढतीचे अर्ज निघाले की आमचे एक सर टेबलाशी येऊन हळूच विचारायचे, "मॅडम, मोठा कुठला येतोय? तोच छापा." मी छापून द्यायचे. खोटं त्यात काहीच नसायचं.

शिवाय सायटेशन कशाला मिळतात, तेही बघायला हवं. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली १९८७ची, कॉक्स, होल्डन आणि सागोव्हस्की या तिघांची. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांत तुम्हाला कसं वाटत होतं एवढंच विचारणारे. वेगळी परवानगी न काढता कुणीही ती छापून घ्यावी, फक्त मूळ लेखाचा उल्लेख करावा, अशी अट. जगभर ती वापरतात, म्हणून त्या लेखाची सायटेशन हजारांच्या घरात. कौतुकच आहे. पण तराजू करणाऱ्याचं नाव दर वेळी घेतलं जातं आणि वजन काय भरलं ते कपाटात पडून राहतं, असं मी फार पाहिलं.

आमच्याकडून बांदा ओलांडलं की गोवा. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा या संशोधकांनी शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बायकांना गाठलं आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत त्यांची विचारपूस केली. निबंध २००२ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री'त आला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यांतल्या ७८ टक्के तर पोटात बाळ असतानाच मनाने खचलेल्या होत्या. निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही तशाच. पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी न पटणं ही कारणं होतीच, आणि बाळ मुलगा की मुलगी यानेही फरक पडत होता. पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवलं, की अशा आयांची बाळं वजनाला आणि लांबीला मागे पडतात.

२००२च्या त्या निबंधातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. नैराश्य असलेल्या बायका इतरांपेक्षा दवाखान्यात जास्त वेळा येत होत्या. म्हणजे त्यांना शोधायला गावोगाव हिंडायची गरज नव्हती, त्या केसपेपर घेऊन रांगेतच उभ्या होत्या.

माझी मुलगी त्या रांगेत होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दोन महिन्यांत पाच वेळा दवाखान्यात गेली. डोकं दुखतं, दूध पुरत नाही, बाळ गप्पच होत नाही. दर वेळी वजन झालं, रक्तदाब झाला, हिमोग्लोबिन झालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. "तुला कसं वाटतंय गं?" असं एकदाही कुणी विचारलं नाही. डॉक्टरांना तरी काय बोलू? गोव्याचा तो निबंध एका निवासी डॉक्टरच्या प्रबंधासाठी मीच काढून दिला होता, त्याला किती सायटेशन आहेत हेही मीच मोजलं होतं. आणि घरी मी मीठ-मोहरी घेऊन लेकीची दृष्ट काढत होते. बाळंतपणानंतर सातव्या महिन्यात तिच्या नवऱ्यानेच हट्टाने तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. आता ती बरी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी चौकट जरूर करा, पण संशोधकाला एक विचारा. तुमच्या कामामुळे कुठल्या दवाखान्यात बाळंतिणीला काय नवीन विचारलं जाऊ लागलं? काही जण तासभर बोलतील. काही जण एच-इंडेक्स सांगतील.

मागच्या महिन्यात एडिंबरा प्रश्नावलीची मराठी प्रत छापून, खाली मूळ लेखकांची नावं घालून, मी आमच्या वाडीतल्या आशाताईंना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "काकी, विचारीन मी. पण गुण जास्त आले तर पाठवू कुठे?" मी मागच्या बाजूला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पेनने लिहून दिला. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "फोन नवऱ्याकडे असतो हो बऱ्याच जणींचा."

— एक निवृत्त ग्रंथपाल, सावंतवाडी