विषय: गाईच्या शेणात न चालणारं कॉर्टिसॉल किट आणि 'ग्राहकाचे समाधान झाले' असा शेरा मारून बंद केलेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि तांत्रिक विभागप्रमुख

तुमच्या मदतकक्षाशी बोलून आत्ताच फोन ठेवला. ठेवतो न ठेवतो तोच तक्रार बंद केल्याचा संदेश आला. त्यात शेरा आहे, 'ग्राहकाचे समाधान झाले.' माझं समाधान झालेलं नाही. ते झालंय असं मी कुणाला म्हटलेलं नाही, आणि तुमच्या माणसानेही मला तसं विचारलं नाही. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, आणि ते मोजणारं हे किट तुमचंच आहे, तेव्हा ते कसं चालतं हे मी सांगत बसत नाही. खोक्यावर गाय, मेंढी, डुक्कर आणि कोंबडी अशी चार चित्रं आहेत. खाली छापलंय: रक्तद्रव, लाळ, दूध, शेण, केस, सगळ्यांसाठी. (पक्ष्यांमध्ये ताणाचं मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन असतं, कॉर्टिसॉल नव्हे. कोंबडीला खोक्यावर कुणी बसवलं ते कळलं तर बरं होईल, पण तो आजचा विषय नाही.)

आमचं काम साधं होतं. गाई ट्रकमधून नव्या गोठ्यात हलवल्या. हलवण्याआधी आणि नंतर, पो पडल्या पडल्या शेण उचललं, वेळ लिहिली, लगेच गोठवलं. कॉर्टिसॉलचं यकृतात रूपांतर होतं, पित्तावाटे ते आतड्यात उतरतं, आणि गाईत साधारण बारा तासांनी त्याचा माग शेणात दिसतो. डुकरात हाच उशीर जवळजवळ दोन दिवसांचा असतो. हे लक्षात ठेवूनच नमुन्यांच्या वेळा ठरवल्या होत्या. वाहतुकीने हा आकडा चढतो, यात नवीन काही नाही. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या पाल्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालीच गाईंवर ते दाखवलंय.

तुमच्या प्लेटवर काय दिसलं? पहिल्या दोन उभ्या ओळींत स्टँडर्डचा, म्हणजे संप्रेरकाचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांचा, छान जिना, गडद पिवळ्यापासून फिकटापर्यंत. उरलेली सगळी प्लेट एकसारखी गडद पिवळी, थेट शून्य स्टँडर्डइतकी. या पद्धतीत रंग जितका गडद तितकं संप्रेरक कमी. म्हणजे ट्रकमध्ये चढण्याआधी शून्य, उतरल्यावर शून्य, दुसऱ्या दिवशीही शून्य.

आमचं काही चुकलं का, ते आम्ही आधी तपासलं. त्याच गाईंचं रक्तद्रव त्याच लॉटच्या किटवर लावलं. वाहतुकीनंतर कॉर्टिसॉल व्यवस्थित चढलेलं दिसलं. शेणाच्या अर्कात मोजून कॉर्टिसॉल मिसळलं आणि पुन्हा लावलं. मिसळलं तेवढं परत मिळालं. म्हणजे अर्क ठीक, प्लेट ठीक, रीडर ठीक, आमचे हातही ठीक. राहिलं एकच कारण. रवंथ करणाऱ्या जनावराच्या शेणात मूळ कॉर्टिसॉल जवळजवळ नसतंच. असतात ती त्याची रूपांतरित संयुगं, म्हणजे ११,१७-डायऑक्सोअँड्रोस्टेन्स आणि त्या कुटुंबातली बाकीची. तुमची अँटिबॉडी, म्हणजे किटमधलं संप्रेरक पकडणारं प्रथिन, मूळ कॉर्टिसॉलला पकडते, यांना ओळखतच नाही. याच पाल्मेंनी म्योस्टल यांच्याबरोबर मेंढ्यांवरचं हे काम १९९७ सालीच छापलंय. एवढ्या वर्षांत ते तुमच्या कॅटलॉग लिहिणाऱ्यापर्यंत पोचलं नाही, हे मी मानायला तयार नाही. पोचलं असेल, तरी 'शेण' हा शब्द खोक्यावर तसाच राहिला.

आता त्या फोनबद्दल. हे जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे याची नोंद फक्त 'समाधान झाले' अशी आहे.

आधी तुमच्या प्रतिनिधीने नेहमीचं विचारलं. किट दोन ते आठ अंशांत ठेवलं होतं का? होतं. सबस्ट्रेट वापरण्याआधीच निळं झालं होतं का? नव्हतं. धुणं पुरेसं झालं होतं का? झालं होतं. इथवर माझी काही तक्रार नाही. मग तो म्हणाला, "मॅडम, रीडिंग कमी येतंय म्हणजे चांगलंच ना? तुमच्या गाईंना ताण नाहीये. अभिनंदन!"

मला वाटलं गंमत करतोय. करत नव्हता.

मी म्हटलं, त्याच गाईंच्या रक्तात तुमचंच किट कॉर्टिसॉल वाढलेलं दाखवतंय. तो म्हणाला, "मग रक्तच वापरा ना." मी म्हटलं, रक्त काढायचं तर गाय पकडायची, दावं आखडायचं, मानेला सुई लावायची, आणि तेवढ्यात मिनिटांत कॉर्टिसॉल चढतं. ते टाळायला तर शेण घेतो. पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. मी सरळ विचारलं, "हे किट गाईच्या शेणासाठी तुम्ही एसीटीएच देऊन पडताळलंय का?"

तो म्हणाला, "एसीटीएचचं किट वेगळं येतं, मॅडम. कोटेशन पाठवू का?"

मी समजावलं. एसीटीएच हे अधिवृक्क ग्रंथीला चेतवणारं संप्रेरक; ते मोजायचं नाहीये, टोचायचं आहे. त्याने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते आणि पुढे शेणातला आकडा वर जातो की नाही ते बघायचं. वर गेला तर किट त्या प्राण्याला, त्या नमुन्याला चालतं. हीच ती पडताळणी, आणि ती विकणाऱ्याने करायची असते. त्यावर उत्तर आलं, "इंजेक्शनं आम्ही बनवत नाही, मॅडम."

मग संगीत. मग वरिष्ठ. वरिष्ठांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. दोन ते आठ अंशसुद्धा. मग प्रश्न आला, "शेण सकाळचं पहिलं होतं का?" गाय दिवसभरात कितीदा शेण टाकते हे तरी त्यांना माहीत आहे का, देव जाणे. मग म्हणाले, "पण गाई तणावात होत्या हे तुम्ही कशावरून ठरवलं?" साहेब, ते ठरवायलाच तर तुमचं किट घेतलं होतं! शेवटी ते ठेवणीतलं वाक्य, "दुसऱ्या कुणाची अशी तक्रार नाही." नसेल. बाकीच्यांना तुम्ही अभिनंदन करून गप्प केलं असणार.

आणि लगेच समाधानाचा शेरा.

एवढ्यावर थांबणार होते. पण हा राग फक्त शेणाचा नाही. प्रोजेस्टेरॉनचं किटही आम्ही तुमचंच वापरतो, बरीच वर्षं, आणि आधी तक्रार नव्हती. (हे संप्रेरक अंडाशयातलं पीतपिंड बनवतं; गाय माजावर असली की ते कमी असतं, म्हणून त्यावरून माज ओळखतात.) जुन्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असायचं की दूध मलई काढून लावायचं, आणि माजाची मर्यादा त्याप्रमाणे दिलेली असायची. नव्या लॉटच्या पत्रकात 'मलईसह दूध' असं छापलंय आणि मर्यादेचा आकडा मात्र जुनाच ठेवलाय. प्रोजेस्टेरॉन स्निग्धात विरघळतं. मलईसह दुधात आकडा जास्त येणार, शेवटच्या धारेचं दूध घेतलं तर आणखी जास्त. नमुना कुठल्या धारेचा घ्यायचा, याबद्दल पत्रक गप्पच आहे.

परिणाम असा झाला की गाय माजावर, सोट गळतोय, दुसरी गाय अंगावर चढली तरी ही निवांत उभी, आणि तुमचं किट सांगतंय की पीतपिंड चालू आहे, माज नाही. गोठ्यातल्या माणसांनी किटकडे न बघता रेतन करून घेतलं, हे आमचं नशीब. त्या गाई पुढे गाभण ठरल्या. किटचं ऐकलं असतं तर पुढची संधी साधारण एकवीस दिवसांनी. म्हशींत तर माज मुका असतो, डोळ्यांना फारसं काही दिसत नाही, तिथे माणूस किटवरच विसंबतो. त्यांचं काय होत असेल?

त्याच पत्रकात आणखी दोन रत्नं आहेत. 'रुग्णाने उपाशीपोटी यावे.' चार कप्प्यांची गाय उपाशीपोटी कशी आणायची, तेवढं आकृती काढून कळवा. दुसरं, 'रक्त गोठू देण्यासाठी खोलीच्या तापमानाला ठेवावे.' माणसाच्या रक्ताला ते चालत असेल. गाईचं रक्त तसं ठेवलं तर तांबड्या पेशीच प्रोजेस्टेरॉन संपवत राहतात आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून आम्ही नळी बर्फात ठेवतो आणि लगेच सेंट्रिफ्यूज करतो. या दोन वाक्यांवरून मला तरी वाटतं की माणसांच्या किटवर तुम्ही गाईचं चित्र चिकटवलंय. तसं नसेल तर कागद दाखवा. नाराजी खरी याचीच आहे. तुमच्याकडे एके काळी फोन उचलणाऱ्याला गाय आणि माणूस यांतला फरक माहीत असायचा.

तर मला हवंय ते हे. गाय, मेंढी आणि डुक्कर यांच्या शेणावर या कॉर्टिसॉल किटची पडताळणी झाली असेल तर तिची माहिती, आणि अँटिबॉडी कोणकोणत्या संयुगांना किती टक्के पकडते त्याचा पूर्ण तक्ता. पत्रकात आहे तो तक्ता माणसाच्या औषधांचा आहे, प्रेडनिसोलोन वगैरे. पडताळणी झाली नसेल तर तसं लेखी द्या आणि खोक्यावरून शेण काढा (शब्द म्हणतेय). प्रोजेस्टेरॉनच्या पत्रकाची दुरुस्ती, आणि ती फक्त मला न पाठवता त्या लॉटचं किट ज्यांना ज्यांना विकलंत त्या सगळ्यांना. पैसे परत. बदली किट नको, तीच अँटिबॉडी पुन्हा येणार. आणि तो 'समाधान झाले' शेरा काढून तक्रार पुन्हा उघडा.

लेखी उत्तर आलं नाही तर आमच्या खरेदी समितीसमोर प्लेटची छायाचित्रं, रक्तद्रवाचे आणि शेणाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून, तुमचं नाव यादीतून काढायचा प्रस्ताव मी स्वतः मांडणार आहे. हीच छायाचित्रं तुमची किटं वापरणाऱ्या इतर प्रयोगशाळांनाही जातील. मी कुणाची बदनामी करणार नाही. नुसते आकडे पाठवीन, पुढचं ज्याचं त्याला कळेल.

उरलेली सीलबंद किटं फ्रिजमध्ये आहेत, तापमानाची नोंद सोबत जोडली आहे. न्यायला येणाऱ्याला थंड पेटी घेऊन पाठवा, आणि पोच देताना तापमान त्याच्याकडूनच लिहून घेतलं जाईल. नंतर 'तुम्हीच नीट ठेवलं नाही' हे ऐकायची माझी तयारी नाही.

प्रमुख, संप्रेरक चाचणी प्रयोगशाळा