आधी रेव मोकळी करा, मग मत्स्यबीज सोडा

संपादक महोदय,

जलविद्युत प्रकल्पाचा कालवा किंवा पेनस्टॉक (वीजगृहाकडे दाबाने पाणी नेणारा मोठा नळ) फुटला की अख्खा उतार नदीत उतरतो आणि भरपाई म्हणून लगेच मत्स्यबीज सोडण्याची घोषणा होते. क्रमच चुकीचा आहे.

पाणी काही दिवसांत निवळते, तळ निवळत नाही. रेवेत अंडी घालणाऱ्या माशांना गोट्यांमधल्या फटी लागतात. त्यांतून झिरपणारे पाणी अंड्यांना प्राणवायू देते. 2 मिमीपेक्षा बारीक कणांनी त्या फटी भरल्या की अंडी गुदमरतात. एखादे पिल्लू बाहेर पडलेच, तर वर यायला वाट नसते. माशांचे खाद्य असलेल्या कीटकांच्या अळ्याही याच फटींत राहतात, हे तर कोणी लक्षातच घेत नाही.

पहिले काम फुटीखालची घळ बांधून काढण्याचे. नाहीतर प्रत्येक पावसात नवा गाळ येणारच. मग खळाळात नळकांडे 15 ते 20 सेंमी खोल दाबून, आतल्या पाण्यासकट नमुना काढावा (फावड्याने उचलला तर नेमका बारीक गाळ धुऊन जातो), चाळावा आणि फुटीच्या वरच्या, न बिघडलेल्या पात्रातल्या नमुन्याशी ताडून पाहावा.

सर्वाधिक चुका हा गाळ धुऊन काढण्यासाठी धरणातून पाणी सोडताना होतात. विसर्ग गोट्यांचा वरचा थर हलवण्याइतका हवा. कमी पडला तर वरची रेव स्वच्छ दिसते, खालचा गाळ तसाच राहतो. तळदरवाजा उघडला तर धरणातलाच गाळ खाली येतो. विसर्ग आटोपतानाही घाई नको; पातळी तासाला 5 सेंमीपेक्षा वेगाने उतरली तर काठालगतची पिल्ले कोरडी पडतात.

जिथे यंत्राने उपसा करावा लागेल, तिथे वरून खाली जावे, म्हणजे उसळलेला गाळ साफ केलेल्या जागी बसणार नाही. उपसलेला गाळ पूररेषेबाहेरच टाकावा. भरीला धुतलेले गोल गोटे वापरावेत. क्रशरची खडी एकमेकांत घट्ट अडकते, मादीला ती उकरता येत नाही. विणीच्या आणि अंडी रेवेत असण्याच्या काळात यंत्र पात्रात उतरवूच नये.

शेवटी जाळीच्या पेट्यांत फलित अंडी ठेवून त्या रेवेत पुराव्यात. वरच्या चांगल्या पात्राइतकीच ती उबली, तर तळ तयार झाला असे समजावे. उपनद्यांची मुखे गाळाने बुजलेली नसतील तर मासे बऱ्याचदा स्वतःहून परततात. तरीही बीज सोडायचे ठरलेच, तर ते त्याच नदीच्या वाणाचे असावे.

– नदीपात्र पुनरुज्जीवनाच्या कामातील काही वाचक