शालूला पत्र, नाणेघाटाहून आल्यावर

प्रिय शालू,

फोनवर मी नुसतं "नाणेघाटला जाऊन आलो" एवढंच म्हटलं आणि तेवढ्यात तुझ्याकडे पाहुणे आले, तेव्हाच ठरवलं की हे सगळं तुला नीट बसून लिहायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडे तुकडे पाठवून काही होणार नाही. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

तुला आपली आठवीची सहल आठवते का गं? एस्टीने कुठपर्यंत गेलो ते मला आता आठवत नाही, पण पुढे बरंच चाललो होतो, तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तू सुतळी बांधून चाललीस. घाटातल्या त्या गुहेत सावलीला बसून आपण दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. मी भिंतीला टेकून बसले होते हे मला पक्कं आठवतं, कारण पाठीला गार लागत होतं. आणि शालू, आपल्याला कोणी सांगितलंच नाही की त्या भिंतीवर काय लिहिलंय! जुन्नरमध्ये वाढलो आपण दोघी, शाळेच्या मैदानातून शिवनेरी दिसायचा, लेण्याद्रीला दर चतुर्थीला जायचो आणि तिथे गणपती बसलाय ते मुळात बौद्ध लेणं आहे हे मला लग्नानंतर कळलं, तेही ह्यांच्याकडून. म्हणून यावेळी नातवंडांना घेऊन जायचंच असं मनाशी घट्ट धरलं होतं.

नाताळच्या सुट्टीत चिन्मय बंगलोरहून आला होता, ओवी तर पुण्यातच असते, दोघांना घेऊन निघाले. चिन्मय अकरा पूर्ण, ओवी साडेसात. त्यांच्या आईबापांना म्हटलं तुम्ही या हवं तर, पण मधे मधे बोलायचं नाही. शेवटी एकटा जावईच आला गाडी चालवायला. जुन्नरला माझ्या चुलतभावाकडे मुक्काम, वहिनीने मासवडी केली होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच निघालो. जुन्नरहून तीसेक किलोमीटर, घाटघर आलं की जीवधन किल्ला दिसायला लागतो, त्याच्या शेजारचा तो वानरलिंगीचा सुळका बघून ओवी म्हणाली हा डोंगराचा दात पडायला आलाय.

आता गाडी पार वरपर्यंत जाते. आपल्यावेळी असं नव्हतं. उतरलं की पहिल्यांदा तो दगडी रांजण. तोच गं, ज्यात तू डोकं घालून ओरडली होतीस. ओवीनेही तेच केलं, अगदी तेच, कोणी न सांगता! मी सांगितलं की इथून खाली कोकणात सोपारा, कल्याण अशी बंदरं आणि इकडे वर जुन्नर, पुढे थेट पैठण, सातवाहनांची राजधानी, तर बैलांच्या पाठीवर माल लादून व्यापारी याच वाटेने चढायचे आणि जकातीची नाणी या रांजणात टाकायचे असं पिढ्यान् पिढ्या सांगतात. ओवीने माझ्याकडून एक रुपया मागून घेतला, टाकला, आणि विचारलं "आता जाऊ शकतो ना?" चिन्मय म्हणाला टोलनाका आहे हा, फास्टॅगच्या आधीचा. जावयाने लगेच फोटो काढला. मला मात्र ओवीचा तो प्रश्न फार आवडला, जकात भरल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही असं तिने मनापासून धरलं होतं.

मग ती दोन कड्यांमधली चिंचोळी घळ. वारा असा येतो की बोललेलं ऐकू येत नाही. दगड जुने, पावलांनी गुळगुळीत झालेले, आणि माझा उजवा गुडघा तुला माहीतच आहे. चिन्मयने न सांगता हात दिला आणि प्रत्येक पायरीला "आजी, हा हलतो", "आजी, इथे ठेव" असं सांगत मला उतरवलं. लहानपणी मी ज्याला चालायला शिकवलं तो मला पाय कुठे ठेवायचा सांगतोय! वाटेत पाण्याची टाकी लागली, कातळात खोदलेली, त्यातही वाकून झालं. गुहा तशी लांब नाही, पाच-सात मिनिटांत पोचतो, आम्हाला पंधरा लागली.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे.

ह्यांच्या कपाटात एक निळी फाईल होती, "नाणेघाट" असं पेन्सिलीने लिहिलेली. बँकेतला माणूस, इतिहासाचा काही संबंध नाही, पण कुठून कुठून झेरॉक्स जमवून त्या शिलालेखाचं वाचन, अक्षरांचे तक्ते, सगळं ओळीने लावलेलं. "एकदा नातवंडांना घेऊन जाऊ" हे दर दिवाळीत म्हणायचे. ते राहिलंच. हे जाऊन तीन वर्षं झाली, फाईल मी उघडलीच नव्हती. यावेळी तीच बरोबर घेतली.

गुहेत शिरल्यावर डाव्या आणि उजव्या भिंतीवर लेख आहे, ब्राह्मी लिपी, भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजी म्हण. दोन हजार वर्षं झाली त्याला. आणि हा लेख एका बाईचा आहे शालू! नागनिका. सातकर्णी राजाची राणी, तो गेल्यानंतरची. सुरुवातीला देवांना नमस्कार आहे, धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य, दिक्पाल, मग तिच्याविषयी, ती महिना महिना उपास करणारी, घरातच तपस्विनीसारखी राहणारी, आणि मग नवऱ्याबरोबर केलेले यज्ञ, एकामागून एक, आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा. अगदी हिशेबाच्या वहीसारखं. अमक्या यज्ञाला 12 गायी, 1 घोडा. तमक्याला 1700 गायी, 10 हत्ती. आणखी एका ठिकाणी 24,400 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. अक्षरं बरीच झिजलीत, मधे मधे तुकडेच्या तुकडे उडालेत, पण आकडे आहेत.

आणि चिन्मय आकड्यांपाशी अडकला. मी एकतीस वर्षं पोरांना एकम-दहम शिकवलं, पण त्या दिवशीसारखा तास कधी झाला नाही माझा. फाईलमधल्या तक्त्यात बघून तो भिंतीवर शोधत होता, एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा, चार जवळजवळ अधिकच्या चिन्हासारखा. मग म्हणाला, "आजी, यात झीरो कुठंय?"

म्हटलं नाहीये. त्याला खरंच वाटेना. मी खाली बसले, गुहेच्या बाहेर धूळ होती तिथे काडीने काढून दाखवलं. यांच्याकडे दहाला वेगळं चिन्ह, वीसला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शंभराच्या चिन्हाला चार जोडला की झाले चारशे. हजाराच्या चिन्हाला चार जोडला की चार हजार, वीस जोडले की वीस हजार. म्हणजे 24,400 लिहायला तीनच चिन्हं, वीस हजार, चार हजार, चारशे. त्याने बोटं मोजली आणि म्हणाला, "आपल्याला पाच अंक लागतात आणि त्यांना तीनच? मग यांचंच सोपं आहे की!" मी म्हटलं बरं, आता या चिन्हांनी 24,400 गुणिले 12 करून दाखव. काडी घेऊन बसला. बराच वेळ बसला. खाली कोकणातून वारा येतोय, ओवी बिस्किटं खातेय, आणि हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या आकड्यांनी गुणाकार करायला बघतोय. मग मान वर करून म्हणाला, "हातचा कुठे ठेवायचा?" शालू, मला तिथेच त्याला मिठी मारावीशी वाटली. पुस्तकात "शून्याचे महत्त्व" असा धडा असतो, पोरं पाठ करतात, दोन मार्क मिळवतात. याला ते महत्त्व काडी हातात धरून कळलं.

आणि तुला गंमत सांगते, या अंकांचा नीट अभ्यास करून 1870 च्या दशकात ज्यांनी त्यावर लिहिलं ते भगवानलाल इंद्रजी मूळचे जुनागढचे, म्हणजे तुझ्या गुजरातचे. तू बडोद्याला गेलीस आणि तिकडचा माणूस आपल्या घाटात येऊन आपल्या भिंती वाचून गेला, बघ. आपण मात्र त्याच भिंतीला पाठ टेकून दशम्या खाल्ल्या. आपला दोष नव्हता गं, आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण वाईट वाटतं.

समोरच्या भिंतीवर आठ मूर्ती होत्या, म्हणजे राजघराण्याच्या माणसांच्या, देवांच्या नाही. आज त्या नाहीत, खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात आणि वर कोरलेली नावं. ओवीने विचारलं की माणसं कुठे गेली. मी म्हटलं फोडली किंवा झिजली, पण नावं आहेत, वाचूया. आणि मी ह्यांच्या पेन्सिलीच्या अक्षरावरून एक एक वाचत गेले. राजा सिमुक सातवाहन, म्हणजे घराण्याचा मूळ पुरुष. मग देवी नायनिका, म्हणजे आपली नागनिकाच, आणि राजा श्री सातकर्णी, दोघांचं मिळून एकच नाव-पट्टी, जोडीने. मग कुमार भाय. मधे नाव तुटलेली जागा. मग महारठी त्रनकयिर, महारठी ही तेव्हाची पदवी. मग कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन.

हा महारठी कोण तर नागनिकेचा बाप असावा असं अभ्यासक मानतात. लेखातही ती स्वतःला महारठीची लेक म्हणवते. मी तिथे थांबलेच. म्हणजे बघ हं, सासरच्या घराण्याचा एवढा मोठा फॅमिली फोटो, राजे आणि राजकुमार ओळीने उभे, आणि त्यात या बाईने आपल्या वडिलांना उभं केलंय. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आमच्या अण्णांचा एक धड फोटो नाही, कुठेतरी कोपऱ्यात पंक्तीत वाढताना पाठमोरे दिसतात. तुझ्याकडेही तसंच असणार. आणि ही दोन हजार वर्षांपूर्वी, नवरा गेलेला, आणि अशा वाटेवर हे कोरून घेतलंय जिथून कोकणातून येणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक बैल जाणार. माझा नवरा हा, मी त्याच्या शेजारी, आणि हा माझा बाप. मला रडू आलं. मुलांनी काही विचारलं नाही, ओवी नुसती येऊन मांडीवर बसली.

एका गोष्टीचा फार राग आला तेही लिहिते. नव्या लोकांनी आपापली नावं तिथे खरवडून ठेवलीत, बदाम काय, तारखा काय. चिन्मयने विचारलं की हे पुसता येतं का. नाही येत. दगडाला जे केलं ते केलं. पोरगा गप्प झाला, मग म्हणाला की आपण निदान हात लावायला नको. आणि पूर्ण वेळ दोघांनी भिंतीला बोट लावलं नाही, ओवी तर हात पाठीमागे बांधून उभी होती, चित्रातल्या गांधीबाप्पांसारखी.

येताना चढ होता, चढायला मला उतरण्यापेक्षा बरं पडतं. ओवी घसरली एकदा, गुडघा खरचटला, थोडी रडारड झाली, मग माझ्या गुडघ्याला आणि तिच्या गुडघ्याला एकच क्रीम लावली तेव्हा हसली. घाटघरला एका घरात पिठलं-भाकरी आणि ठेचा, चिन्मयने तीन भाकऱ्या खाल्ल्या, बंगलोरला दोन पोळ्यांवर उठतो म्हणे. ज्या बाईंनी जेवायला वाढलं त्यांना ओवीने विचारलं की नागनिका तुमच्या गावची का. त्या म्हणाल्या, "व्हय, आमचीच." इतकं सरळ, इतकं आपलेपणानं.

संध्याकाळी भावाच्या ओसरीवर ओवीने चित्र काढलं. सगळं घर ओळीने उभं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव, नाणेघाटात आहे तसं. तिचे आईबाबा, मामा-मामी, चिन्मय, ती स्वतः. मधोमध दोघं, आणि वर दोघांचं मिळून एकच, "देवी आजी आणि राजा आजोबा". आजोबांना तिने चष्मा काढलाय, आणि हातात निळी फाईल. तिने त्यांना फारसं पाहिलेलं नाही, चार-साडेचारची होती. शेवटी एक माणूस काढलाय त्याला नाव नाही. मी विचारलं हे कोण, तर म्हणाली, "ते नाव तुटलंय ना, म्हणून माहीत नाही."

चित्र फ्रीजवर लावलंय.

आता तू ऐक. फेब्रुवारीत ऊन वाढायच्या आत ये. जावई गाडी देतो म्हणालाय, ड्रायव्हर बघू. दशम्या मी करते, चटणी तू कर, तुझ्यासारखी मला जमत नाही. तुझा नीकॅप आण आणि चांगल्या ग्रिपचे बूट घाल, चपला नाहीत, सुतळीचा भरवसा नको. फाईल मी तयार ठेवलीय, त्यात तुझ्यासाठी अक्षरांच्या तक्त्याची मोठ्या टाइपात झेरॉक्स काढून ठेवली आहे. यावेळी भिंतीकडे तोंड करून बसू.

बडोद्याला सगळ्यांना आशीर्वाद, आणि तुझ्या नातीला घेऊन आलीस तर फारच छान, ओवीने तिच्यासाठी रांजणात टाकायला एक रुपया बाजूला काढून ठेवलाय.

तुझी,
सुमन