चाचा, तुम्ही अंगठी काढलीत

आदरणीय चाचा,

सलाम.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "त्यात काय, बेटी" म्हणता आणि लगेच धानाला भाव काय मिळाला ते विचारता. म्हणून हे लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आमच्या नावेच्या खिडक्यांसाठी तुम्ही जे केलंत ते आमच्या बचत गटाबाहेरच्या माणसांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं. नाव घालू नको म्हणालात, घालत नाही. तुमची नात वाचून दाखवेल तेव्हा मध्येच उठून शिवणाच्या मशीनवर बसू नका, शेवटपर्यंत ऐका.

जे आम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमची नाव गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर चालते. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा माझे सासरे वैनगंगेत डोंग्यावरून जाळं टाकत होते. पुढे पाणी चढत गेलं. वावर गेलं, घर गेलं, नदीची ओळखीची कोंडं, म्हणजे खोल डोह, खाली बुडाली. आता त्याच पाण्यावर आमच्या बचत गटाच्या बाया फेरीची नाव चालवतात. हिवाळ्यात चक्रवाक उतरतात, पाणकावळे पंख पसरून खुंटांवर बसतात, ते बघायला नागपूर-भंडाऱ्याहून माणसं येतात. सकाळचा वारा पाण्यावरून असा येतो की म्हातारी माणसं आणि लेकरं कुडकुडतात. म्हणून नावेच्या दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पडदे आहेत आणि त्यात ट्रान्सपरंट प्लास्टिकच्या खिडक्या शिवलेल्या आहेत. वारा अडतो आणि पक्षी दिसतात. त्या खिडक्यांवर आमचा धंदा आहे. बाहेरचं दिसलंच नाही तर माणूस पैसे देऊन नावेत कशाला बसेल?

मागच्या हंगामात त्या खिडक्या धुरकट व्हायला लागल्या. पडदे ज्या शहरातल्या दुकानातून घेतले होते त्यांना विचारलं. "काचेवर मारायचा स्प्रे मारा," म्हणाले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तोच मारला, तर धुरकटपणा वाढतच गेला. मग त्यांनी एक पोरगा पाठवला. त्याने नावेत पाय ठेवला तोच हातात थिनरचा डबा आणि घासणी घेऊन. मनगटात स्टीलचं कडं. जिथे जिथे थिनरचा बोळा फिरला तिथे खिडकी पांढरी पडली आणि आकसली. पोराला काही बोलत नाही, त्याला जे शिकवलं ते त्याने केलं. पण त्याच्या मालकाने नंतर फोनवर जे म्हटलं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. "तुम्हा गावच्या लोकांना असल्या वस्तू वापरताच येत नाहीत. पूर्ण नवा सेट घ्या." नव्या सेटचा भाव ऐकून आमच्या गटाच्या अध्यक्ष ताई तिथेच खाली बसल्या. आणि नावेचं उद्घाटन झालं तेव्हा आमच्यासोबत उभं राहून फोटो काढून घेणारे होते ना, त्यांच्यापैकी एकानेही तेव्हा फोन उचलला नाही.

अशा वेळी आमच्या ऑटोवाल्या भाच्याने तुमचं नाव घेतलं. ऑटोचे हूड आणि ट्रॅक्टरच्या छत्र्या शिवणारा माणूस नावेचं काय करणार, असं गटातल्या बायाच म्हणत होत्या. पण पावसात ऑटोला लावायचे जे पडदे तुम्ही शिवता त्यांत हेच प्लास्टिक असतं, हे आमच्यातल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जन्मभर तेच हाताळलं आहे तुम्ही. मोपेड लावून तुम्ही काठावर आलात, चहाला "नंतर" म्हणालात आणि नावेत चढून खिडकीच्या समोर बसलात.

आता मी जे सांगणार आहे ते तुम्हाला आठवतही नसेल.

तुमच्या उजव्या हातात चांदीची अंगठी होती, अकीकचा खडा बसवलेली. खिडकीला हात लावण्याआधी तुम्ही ती काढायला घेतली. बोटाचा सांधा सुजलेला, अंगठी काही निघेना. मी म्हटलं, राहू द्या जी चाचा. तुम्ही मान हलवली आणि साबण मागितला. बोटाला फेस लावून गोल गोल फिरवत, ओठ दाबून धरत तुम्ही ती सांध्यावरून ओढून काढलीत. दुखत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग रुमालाच्या टोकाला गाठ मारून अंगठी त्यात बांधली, हात कोपरापर्यंत धुतले, आणि मला सांगितलंत, "खड्याची एक रेघ पडली ना बेटी, की ऊन समोर आल्यावर माणसाला तीच दिसते. पक्षी नाही दिसत."

चाचा, त्या खिडक्या तेव्हा आधीच ओरबाडलेल्या होत्या. घासणीचे, कड्याचे ओरखडे होतेच. त्यात अजून एक रेघ पडली असती तर आम्हाला कळलंही नसतं. दुसऱ्याच्या, त्यातही खराब झालेल्या वस्तूवर आपल्या हाताने एकसुद्धा रेघ वाढू नये म्हणून एक म्हातारा माणूस सुजलेल्या बोटातून अंगठी ओढून काढतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आम्हाला काही येत नाही, आमच्या वस्तूला किंमत नाही, असं ऐकून घेतल्यावर मी ते पाहिलं. मी मागे जाऊन इंजिनाकडे बघत उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि तुमच्यासमोर रडायचं नव्हतं.

पुढचं काम लांबलचक होतं, ते सगळं इथे लिहीत बसत नाही. पण दुकानवाल्याने जे एकदाही सांगितलं नाही ते तुम्ही बसल्या बसल्या सांगितलंत, ते लिहिलंच पाहिजे. ही काच नाही. पाण्याच्या पाइपाचं जे पीव्हीसी असतं तेच हे, मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. ऊन ते द्रव्य हळूहळू बाहेर काढतं. थिनर, स्पिरिट, रॉकेल आणि अमोनिया असलेला काचेचा स्प्रे तेच काम झटक्यात करतात. द्रव्य गेलं की प्लास्टिक पिवळं पडतं, कडक होतं आणि थंडीच्या सकाळी गुंडाळायला गेलं की पापडासारखं तडकतं. आमच्याकडे मेअखेरच्या नवतपात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पूस महिन्याच्या थंडीत दहाच्या खाली येतो. अशा हवेत या वस्तूला किती जपावं लागतं, हे विकणाऱ्याने विकतानाच सांगायला नको होतं का?

कोरड्या फडक्याने पुसू नका म्हणालात. रेतीची बारीक धूळ वर बसलेली असताना फडकं फिरवलं की तीच घासणी होते. आधी भरपूर पाणी ओतून ती वाहून जाऊ द्यायची, मग सौम्य साबणाचं पाणी आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. बोअरच्या पाण्यात क्षार, ते वाळलं की पांढरे ठिपके उरतात, म्हणून शेवटचं पाणी आरोचं. घरच्या काचा वर्तमानपत्राने पुसतात तसं इथे चालत नाही, शाई प्लास्टिकवर उतरून बसते. छताचा लोखंडी पाइप जिथे खिडकीला टेकत होता तिथे पिवळा पट्टा उमटला होता. तो तापलेल्या लोखंडाचा चटका आहे हे तुम्ही दाखवलं, आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून पाइपाला स्वतः गुंडाळल्यात.

सगळ्यात टोकाची खिडकी तर दुकानवाल्याच्या पोराने आधीच बाद ठरवली होती. पूर्ण दुधाळ, आरपार काहीच दिसेना. तुम्ही तिला बोटाने दाबून पाहिलं, वास घेतला आणि म्हणालात, "ही मेली नाही, भिजली आहे." पावसात नाव बंद करताना त्यांच्याच माणसाने पडदे ओले असताना गुंडाळून बांधून ठेवले होते. प्लास्टिकने ओल धरली होती. तुम्ही त्या खिडकीची चेन उघडून ती सुटी केली आणि शाळेच्या व्हरांड्यात, सावलीत टांगायला लावली. उन्हात टाकू नका म्हणून बजावून गेलात. काही दिवसांनी तिच्यातून पलीकडचा फळा वाचता यायला लागला. जी वस्तू नुसती वाळायची होती, तिच्या जागी आम्हाला नवी विकत होते.

आणि जिथे काही होणार नव्हतं तिथेही तुम्ही खोटी आशा लावली नाहीत. थिनरने आकसलेल्या दोन खिडक्या परत येणार नाहीत, त्यांवर पॉलिश घासायला पैसे घालवू नका, असं तोंडावर सांगितलंत. उन्हाने आलेला पिवळेपणाही कशाने निघत नाही म्हणालात. तुमचं त्यात नुकसानच होतं, पॉलिशचे पैसे आम्ही दिले असते. शेवटी उसवलेली शिवण आणि एक चेन, एवढ्याचेच पैसे घेतलेत. येण्या-जाण्याचं पेट्रोल द्यायला गेले तर पिशवी उचलून चालायला लागलात.

माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट घोळते आहे. आपल्या भागात अशी माणसं आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पंपाची मोटार बांधून देणारा, जो जळालेलं जुनं तार आणि बेअरिंग पिशवीत घालून परत हातात ठेवतो. औषधाच्या दुकानातला माणूस, जो महागाच्या ऐवजी स्वस्त पण तेच औषध स्वतःहून दाखवतो. एसटीचा कंडक्टर, जो बाळंतिणीला उतरवताना तिचं गाठोडं खाली ठेवून मगच घंटी देतो. ही माणसं कुठल्या कार्यक्रमात स्टेजवर नसतात. शाल-श्रीफळ भलत्यांनाच जातं. गावातल्या बाईला काही कळत नाही असं धरून तिच्याशी बोलणारे खूप भेटतात. तिला सगळं समजावून सांगितलं तर ती नीट करेल, असं धरून बोलणारा माणूस भेटला की दहा वर्षांचा शीण उतरतो. तुम्ही आमच्याशी तसं बोललात. प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलंत, आणि कारण कळलं म्हणून ती आमच्या हातात राहिली.

आता आमच्याकडे खिडक्या धुण्याची पाळी लावली आहे. आमच्या बाया बांगड्या काढत नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहे. मग जुन्या बनियनच्या बाह्या कापून त्या मनगटावर ओढून घेतात आणि मगच पाण्यात हात घालतात. ही युक्ती आमच्यातल्या सगळ्यात लहान सुनेने काढली, तुमची अंगठी पाहून. थंडीत ऊन वर आल्याशिवाय पडदे उलगडायचे नाहीत, गुंडाळताना घडी घालायची नाही, मध्ये जुन्या लुगड्याचं कापड टाकायचं, हेही पाळतो. डासांचं मलम लावलेला हात खिडकीला लावू नका, असं आम्ही प्रवाशांना बसतानाच सांगतो, कारण त्या मलमातलं औषध प्लास्टिक खातं. लोक ऐकतात, नीट सांगितलं की ऐकतात. उन्हाळ्यात पडदे टिनाच्या शेडमध्ये न ठेवता अध्यक्ष ताईंच्या मातीच्या घरात ठेवणार आहोत, तिथे थंड राहतं. उंदरांची काळजी आहे, त्यासाठी आढ्याला टांगायचं ठरलं आहे.

त्या दोन गेलेल्या खिडक्या बदलायला गटाने पैसे बाजूला काढायला सुरुवात केली आहे. काम तुमच्याच हातचं पाहिजे. शीट कोणत्या जाडीची आणायची ते तुम्हीच सांगा, नाहीतर पुन्हा कुणीतरी हलकी माथी मारेल. चेन नायलॉनची, ते लक्षात आहे. मापं आम्ही घेऊन ठेवली आहेत, पण तुम्ही एकदा स्वतः बघावीत.

येताना नातीला घेऊन या. तिला चक्रवाक दाखवायचे आहेत. सकाळी लवकर निघायचं असेल तर रात्री आमच्याकडेच थांबा, आणि या वेळी चहा आधी, काम नंतर.

तुमची,
नावेवरची ताई
(आणि गटातल्या सगळ्या बायांचा सलाम)