मेंदीच्या हातांनी आमचा प्रोजेक्ट सोडवून दिलेल्या ताईंना

ताई, फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरचं एक्स्टेन्शन, त्यात जोडायची जादा सोय. सीसारख्या छोट्या भाषेत कोड लिहायचा, फंक्शनच्या वर अटी लिहायच्या, मग मागं आमचा व्हेरिफायर, म्हणजे अटी पाळल्या जातात का तपासणारा भाग, त्या अटी झेड-थ्री सॉल्व्हरला (गणिती अटी सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारतो आणि जिथं अट मोडू शकते तिथं लाल नागमोडी रेघ येते. टेस्टिंगमध्ये आपण दिलेल्या आकड्यांपुरतंच कळतं, इथं सगळ्या आकड्यांसाठी सिद्ध करायचं असतं. झेड-थ्री मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा, २०१५ पासून ओपन सोर्स आहे, म्हणजे अवघड भाग फुकटात मिळाला, पण रेघ योग्य जागी आणणं आमच्याकडं होतं आणि गाडी तिथंच अडली.

डेमोला आईच्या बचत गटाचा हिशोब घेतलेला. शिल्लक भागिले सभासद. सभासद शून्य असले तर काय, हे व्हेरिफायर बरोबर पकडायचा, पण रेघ भागाकाराखाली यायच्या ऐवजी पार पुढं, सेमीकोलनच्याही पलीकडं. आठ दिवस तोच कोड उसवत बसलो. मग लक्षात आलं की ओळीच्या सुरवातीची "शिल्लक" ही मराठी कॉमेंट, म्हणजे माणसांनी वाचायची टीप, काढली की सगळं जागेवर येतंय, आणि जो तो म्हणायला लागला काढून टाका की मग, सबमिशन चार दिवसांवर आलंय. आम्ही काढणारच होतो.

तुम्ही चुलत बहिणीच्या लग्नासाठी सांगलीत आलेला, दोन्ही हातांना ओली मेंदी, आणि तशाच लग्नघरातनं उठून विश्रामबागेतल्या आमच्या रूमवर आलात. कीबोर्डला हात लावता येत नव्हता म्हणून आम्हालाच कागद घ्यायला लावला. "शिल्लक, किती अक्षरं?" मी म्हटलं तीन. "नीट मोड." श, इकार, ल, हलन्त, ल, क. सहा. "आणि यूटीएफ-८ मध्ये बाइट?" यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, तिथं प्रत्येकी ३, म्हणजे १८. आमचा पार्सर (कोड वाचून त्याचे भाग पाडणारा) बाइट मोजत होता आणि लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एडिटरशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीत, ओळीतली जागा मुळात यूटीएफ-१६ या दुसऱ्या साठवण पद्धतीच्या हिशोबानं द्यायची असते, तिथं या शब्दाचे ६ च होतात. फरक १२. मग कर्सर एकेक घर मागं नेत मोजायला लावलंत, भागाकाराच्या चिन्हापर्यंत बरोबर बारा घरं. तो क्षण मी विसरणार नाही ताई, अंगावर काटा आला अक्षरशः.

कॉमेंट काढायचा विषय निघाला तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. "आईला वाचायचंय ना ते? मग आईची भाषा का काढायची, तुमचं मोजणं दुरुस्त करा." बदल फक्त एका फंक्शनचा होता, तुम्ही सांगत गेलात, आम्ही टाइप करत गेलो.

आणि जाता जाता दुसरी गोष्ट पकडलीत, माझ्या मते ती जास्त मोठी. झेड-थ्रीला कधी कधी वेळेत उत्तर सापडत नाही, तो "अननोन" म्हणतो, आणि आम्ही चूक सापडली नाही म्हणून तिथं हिरवी टिक देत होतो. तुम्ही म्हणालात, गटातल्या बायका हिरवं बघून पैशावर सही करतील, तुला चालेल का? आता तिथं पिवळं येतं आणि "तपासणी पूर्ण झाली नाही" असं मराठीत लिहून येतं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल परीक्षकांनी मुद्दाम मराठी कॉमेंट टाइप करून बघितली. रेघ भागाकाराखालीच आली. ती शिल्लकची ओळ आम्ही टेस्टमध्ये कायमची ठेवलीय, आणि आईनं तुमच्यासाठी भडंगाचा डबा भरून ठेवलाय, पुण्याला परत जायच्या आधी रूमवर नाही, घरी या.