वेरूळच्या सहलीत दगडाकडं पण बघा की

संपादक साहेब, नमस्कार.

सहलींचा सीझन आलाय, पोरं वेरूळला कैलास बघतात, फोटो काढतात अन् बसमध्ये बसतात, पण ते लेणं ज्या काळ्या दगडात कोरलंय तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा आहे हे किती जणांना सांगतात? ज्वालामुखी म्हटलं की टोकदार डोंगर अन् धूर, एवढंच डोक्यात. हवाई बेटावरचा मौना लोआ ज्वालामुखी ४,१६९ मीटर उंच, तरी उतार एकदम मंद, कारण पातळ लाव्हा लांब पसरत जातो अन् थरावर थर चढतो, म्हणून आकार पालथ्या ढालीसारखा. आपल्याकडं तर बराचसा लाव्हा जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला, म्हणून आपले डोंगर सपाट माथ्याचे, पायऱ्या-पायऱ्यांचे. घाटात रस्त्याच्या कडेला कापलेल्या दगडात बारीक भोकं दिसतात, ते वायूचे बुडबुडे, काहींत पांढरे स्फटिक भरलेत (लेण्यात मात्र कुणी खरवडू नका बाबांनो). दोन थरांच्या मधे कुठं तांबडा पट्टा असतो, म्हणजे खालच्या थराच्या माथ्याचा दगड झिजून माती होईपर्यंत मधे उद्रेक थांबला होता. आपली कापसाची काळी रानं पण ह्याच दगडाची. गुरुजींनी सहलीत अर्धा तास ह्याला द्यावा, परीक्षेत येत नसलं तरी.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर